चार वर्षांनी झालेली माझी तपासणी

लग्नानंतरची चार वर्षे मूल होत नाही म्हणून नागपूरच्या धंतोलीतल्या दवाखान्यांचे जिने बायको चढत राहिली आणि मी खाली गाडी लावायला जागा शोधत राहिलो. तिच्या रक्ताच्या चाचण्या झाल्या, सोनोग्राफ्या झाल्या, गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहणारा दुखरा एक्स-रेही झाला. सर्वांत सोपी आणि स्वस्त असलेली माझी वीर्यतपासणी मात्र डॉक्टर बदलल्यावरच झाली. आधीच्या डॉक्टरांनी ती सुचवली नाही याचा राग आहेच, पण मीही कधी विचारले नव्हते. अहवालात शुक्राणूंच्या रकान्यात ‘निल’, म्हणजे एकही नाही, असे लिहिले होते. नमुना यंत्रात फिरवून तळाशी बसलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, काही आठवड्यांनी दुसरा नमुना दिला, शेवटी वृषणात सुई घालूनही शोधले. काही मिळाले नाही.

मग दात्याच्या शुक्राणूंचा विषय निघाला. घरात फक्त आत्याला सांगितले, तर ती म्हणाली, ‘‘बाहेरचं कायले पाहता बाप्पा, लहान भाऊ आहे ना घरी!’’ सुदैवाने उत्तर कायद्यानेच दिले. सहायक प्रजनन तंत्रज्ञानाच्या 2021 च्या कायद्यानुसार दाता निवडणे आणि वीर्य साठवणे हे नोंदणीकृत बँकेचेच काम आहे. दात्याचे वय 21 ते 55 असावे लागते, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी आणि सिफिलिस यांची तपासणी व्हावी लागते, आणि एका दात्याचे वीर्य एकाच जोडप्याला देता येते. होणारे मूल कायद्याने आमचेच, दात्याचा त्यावर हक्क नाही. खरे सांगायचे तर मला हायसे वाटले, कारण दर दिवाळीला भावाच्या चेहऱ्यात काही शोधत बसणे मला झेपले नसते.

समुपदेशनात रक्तगट, उंची, वर्ण असे प्रश्न आले. बायकोचे माहेर संत्र्यांच्या काटोलचे, तिथे जंबेरी या आंबट लिंबाच्या रोपाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, बांधून कलम करतात; घरी येताना ती म्हणाली, ‘‘जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधला, तरी त्याला संत्र्याचंच झाड म्हणतात ना?’’ मी हसलो, पण हिशेब उलटा होता: त्यात खुंट तिचा आणि डोळा परक्याचा, मग फळ कोणाचे म्हणायचे? हे तिला बोललो नाही.

संमतीपत्रावर दोघांच्या सह्या लागतात. तिने लगेच केली. मी तीन दिवस कागद कपाटात ठेवला. उणे 196 अंशांवर साठवलेला नमुना वितळवून गर्भाशयात सोडण्याचा पहिला प्रयत्न फसला असून दुसरा पुढच्या पाळीनंतर आहे. या वेळी जिना मीही चढणार आहे.