रिपोर्ट नॉर्मल, मान तशीच

खुर्ची-टेबल बदलून मिळावं म्हणून भरलेला माझा फॉर्म ऑफिसातून तीनदा परत आला. तिन्ही वेळा नडला तो एकच रकाना: ‘तपासणीत दोष आढळला का? हो/नाही.’

दुखणं उजव्या कानामागून खांद्याच्या टोकापर्यंत. दुपारनंतर खांदा असा भरून यायचा की माऊस नकोसा व्हायचा. अधूनमधून बोटांना मुंग्या येत, म्हणून डॉक्टरांनी ईएमजी, म्हणजे नसा आणि स्नायूंची विद्युत तपासणी, करायला सांगितली. सुया टोचल्या, नसांना हलके झटके दिले. रिपोर्ट नॉर्मल. नस दाबली गेलेली नाही म्हणून मी खूशच झाले आणि हौसेने तो रिपोर्ट फॉर्मला जोडला.

तिथेच फसले. ‘स्नायूंची तपासणी नॉर्मल’, सबब अर्ज नामंजूर. दुसऱ्यांदा डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. त्यावर उत्तर आलं, ‘चिठ्ठीत केवळ तक्रारीचा उल्लेख आहे, वस्तुनिष्ठ पुरावा जोडावा.’ तिसऱ्यांदा तर रकाना कोरा ठेवला म्हणून अर्ज परत. समोरच्या माणसाला मी विचारलं, ‘दुखतंय याचा पुरावा म्हणजे नक्की काय आणू?’ तो म्हणाला, ‘मॅडम, हो किंवा नाही एवढंच लिहा.’ मधले आठवडे मी त्याच खुर्चीत बसून काढले.

कोडं सोडवलं फिजिओथेरपिस्टने. ती म्हणाली, ईएमजी एकाच प्रकारची नसते. सुईची तपासणी नस किंवा स्नायू बिघडलाय का ते बघते. काम करताना स्नायू किती आणि किती वेळ ताणात असतो, हे त्वचेवर चिकटवलेल्या पट्ट्यांवरून बघतात. तिने मानेच्या खालच्या ठळक मणक्यापासून खांद्याच्या टोकापर्यंतचं अंतर मोजून दोन्ही बाजूंना मधोमध पट्ट्या लावल्या आणि मला टाइप करायला बसवलं. मला वाटलं, पडद्यावरची स्नायूच्या ताणाची रेघ उसळेल. कसली उसळते! उजवीकडची रेघ अगदी खालून सरपटत होती, पण तळाला टेकत मात्र नव्हती. डावी मध्येमध्ये टेकायची. मग हात मांडीवर ठेवायला लावून शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं, तर उजवी पुन्हा वर. हिशेब डोक्यात आणि राबतोय खांदा!

स्वीडनच्या गोरान हॅग यांनी 1991 मध्ये मांडलेलं ‘सिंड्रेला’ गृहीतक तिने सांगितलं. गोष्टीतल्या राबणाऱ्या सिंड्रेलासारखे, हलक्या कामाला स्नायूतले तेच ते छोटे तंतू आधी जुंपले जातात आणि सुटतातही सगळ्यात शेवटी. ताण कितीही कमी असो, त्यांना सुट्टी नाही. अजून ते गृहीतकच आहे म्हणा. पण मला माझा खांदा त्यात दिसला.

‘मग हाच आलेख जोडते!’ मी म्हटलं. तिने थांबवलं. अशी रेघ न दुखणाऱ्यांचीही असू शकते, तो पुरावा नव्हे. पण हाताने केलेली तपासणीही तपासणीच की. मान डावीकडे किती वळते, कुठे दाबल्यावर दुखतं, हे डॉक्टरांकडून लिहून घे. घेतलं, ‘हो’वर खूण केली, आणि चौथा अर्ज दोन दिवसांत मंजूर! हे कुणी आधी सांगितलं असतं तर.

हो, एक राहिलं. हातातली ताकद कमी वाटत असेल किंवा मुंग्या येत असतील तर सुईची तपासणी टाळू नका. माझा राग तिच्यावर नाही. आणि नुसत्या खुर्चीने भागत नाही. मी वाचताना माऊस सोडते, हात मांडीवर टाकते. वजनं घेऊन खांद्याचे व्यायामही करते. डेन्मार्कमध्ये ऑफिसात काम करणाऱ्यांवर झालेल्या अभ्यासांत अशा व्यायामाने दुखणं कमी झालं होतं. माझं महिन्याभराने कमी व्हायला लागलं.

परवा ऑफिसचा नवा फॉर्म आला: ‘खुर्ची मिळाल्यावर दुखणे थांबले का? हो/नाही.’ ‘कमी झालं’ला रकानाच नाही.