नॉर्मल, सीझर आणि त्यानंतरचे आठ दिवस

पलंग जमिनीपासून ७० ते ८० सेंटिमीटर उंच हवा. नसेल तर पायांखाली ठोकळे लावा, ठोकळे भाड्याने मिळतात. गरोदरपणात नेदरलँड्समध्ये मला जेवढ्या सूचना मिळाल्या, त्यांतली ही सगळ्यात ठाम. मी तर हॉस्पिटलात बाळंत होणार होते, मग घरच्या पलंगाचं काय? तर बाळंतपणानंतर घरी येणाऱ्या बाईंना वाकून वाकून कंबरदुखी होऊ नये म्हणून. नऊ महिन्यांचं पोट घेऊन मी चढणार त्या पलंगावर, आणि काळजी कुणाच्या कमरेची! नवऱ्यापाशी मी यावर भरपूर कुरकुर केली. ठोकळे आले ते आलेच.

इथे सगळं सुरळीत असेल तर गायनॅकॉलॉजिस्टचं तोंडही दिसत नाही. नऊ महिने मिडवाइफ, म्हणजे शिकलेली सुईण, बघते. ती रक्तदाब घेते, पोटावर हात फिरवून बाळ कुठे आहे ते सांगते आणि शांतपणे विचारते, "घरी की हॉस्पिटलात?" वैद्यकीय कारण नसताना हॉस्पिटल मागितलं तर काहीशे युरो आपल्या खिशातून जातात. १९६०च्या दशकात इथली दोन तृतीयांश बाळं घरी जन्मायची, आता साधारण सातांतलं एक. पण प्रश्न विचारला जातोच, आणि "हॉस्पिटल" म्हटलं की उगाच भित्रट वाटतं.

घरच्या बाळंतपणाचं कौतुक करणाऱ्या मैत्रिणींना एक सांगते. इथे ते चालतं, कारण मिडवाइफचं चार वर्षांचं शिक्षण झालेलं असतं, जोखमीच्या बायका आधीच वेगळ्या काढलेल्या असतात आणि बिनसलं तर ॲम्ब्युलन्स वेळेत दारात येते. २००९ साली पाच लाखांहून जास्त कमी जोखमीच्या बाळंतपणांचा डच अभ्यास आला. त्यात घर ठरवलेल्या आणि हॉस्पिटल ठरवलेल्या बायकांच्या बाळांच्या मृत्यूत फरक दिसला नाही. पण त्याआधीच्या युरोपीय तुलनेत याच देशात जन्माच्या आसपास दगावणाऱ्या बाळांचा आकडा शेजाऱ्यांपेक्षा वर निघाला होता आणि त्यावर इथे चांगलाच गदारोळ झाला होता. तेव्हा "निसर्गावर सोडा" हे वाक्य मला कुणी फेसबुकवर चिकटवू नये.

माझं म्हणाल, तर रात्री कळा सुरू झाल्या आणि पहाटे मंदावल्या. मिडवाइफनेच हॉस्पिटलला कळवलं. तिथे मी एपिड्युरल, म्हणजे कळा बधिर करणारं पाठीतलं इंजेक्शन, मागितलं आणि मिळालं. बाळ झालं, अंघोळ झाली, टोस्टावर बडीशेपेच्या साखरगोळ्या भुरभुरून खायला दिल्या (मुलगी म्हणून गुलाबी-पांढऱ्या), आणि संध्याकाळी आम्ही घरी! तिकडे भारतात कळवल्यावर पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच. "नॉर्मल झालं ना?" बाळ कसं आहे, तू कशी आहेस, हे नंतर. मी "हो, नॉर्मल" म्हणाले तेव्हा आत्याच्या आवाजात असा काही अभिमान आला, जणू मी परीक्षेत पहिली आले. एपिड्युरलचं सांगितल्यावर तो थोडा उतरलाही. ज्या चुलतबहिणीचं सीझर झालं, तिला तर आपण चार वर्षं "बिचारी" म्हणतोय, आणि तिचा मुलगा आत्ता गल्लीभर सायकल पिदाडतोय.

सीझर आपल्याकडे नको तितकी होतात, हे खरंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) खाजगी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सीझर होती. इथे एकूणात सहातलं एखादं. पण त्याचा जाब डॉक्टरांना विचारायचा, पोटावर टाके घेऊन पडलेल्या बाईला नाही.

आता त्या कंबरवाल्या बाई. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बेल वाजली. साठीच्या, आडव्या बांध्याच्या, हातात स्वतःची चप्पल. या सेवेला इथे क्रामझोर्ख म्हणतात. बाळंतिणीच्या घरी आठेक दिवस रोज काही तास प्रशिक्षित बाई येते. मूळ विम्यात बसतं, आपण तासाला पाच युरोच्या आसपास भरायचे. श्रीमंत असा वा नसा, पहिलं असो वा चौथं, ती येतेच.

पहिल्या तासात त्यांनी माझं पोट दाबून गर्भाशय किती आकसलंय ते बघितलं, टाके बघितले, ताप घेतला. मग बाळाला उघडं करून नखापासून टाळूपर्यंत न्याहाळलं. कावीळ चढतेय का म्हणून नाकावरची कातडी बोटाने दाबून सोडली आणि उजेडात धरून रंग बघितला. मग वही. कुठल्या बाजूला किती वेळ प्याली, शू किती वेळा, शीचा रंग काळा की हिरवट की मोहरीसारखा पिवळा. सुरुवातीला वजन उतरतं, किती उतरलं तर चालतं आणि कुठे मिडवाइफला फोन करायचा, हे त्यांनी मला नाही, नवऱ्याला समजावलं. त्याच्याकडूनच लंगोट बदलून घेतलं. बाळंतपणासाठी आलेली माझी आई दारात उभी राहून बघत होती. "जावईबापूंना कशाला गं," एवढंच म्हणाली, पण दुसऱ्या दिवशीपासून तिनेही त्याला हाक मारायला सुरुवात केली.

आई आणि बाई यांची जुंपली ती अंघोळीवरून. इथे तान्ह्या बाळाला उंच बादलीत बसवतात. गळ्यापर्यंत ३७ अंशांचं पाणी, मानेला एका हाताचा आधार. आईने आयुष्यभर पायांवर घेऊन, तेल चोळून, कढत पाण्याने पोरं न्हाऊ घातलेली. "बादलीत? लोणच्यासारखं?" बाई हसल्या. मग त्यांनी आईला न्हाऊ घालायला सांगितलं आणि स्वतः बघत बसल्या. तेलाला हरकत नाही म्हणाल्या, नाकाकानात सोडू नका. पाण्यात थर्मामीटर बुडवला, गार पाणी ओतलं. धुरीला मात्र ठाम नकार, शेगडीला त्याहून ठाम. टोपडं घरात नको. खोली १६ ते १८ अंशांवर, हे ऐकून आईने स्वतःच शाल गुंडाळली. बाळाच्या अंथरुणात, दुपट्याच्या बाहेर, गरम पाण्याची धातूची बाटली ठेवायची, तोंड घट्ट बंद करून, बाळापासून चार बोटं लांब. त्या बाटलीला आई शेवटपर्यंत "बॉम्ब" म्हणत होती.

चहा पिताना बाईंनी सहज सांगितलं की त्यांची आई १९४५च्या फेब्रुवारीत ॲमस्टरडॅममध्ये जन्मली. आजी तेव्हा साखरेचं बीट उकडून खायची.

१९४४-४५च्या त्या हिवाळ्याला इथे भुकेचा हिवाळाच म्हणतात. जर्मनांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली. ॲमस्टरडॅममध्ये माणशी रेशन दिवसाला ४०० ते ८०० कॅलरींवर आलं, सुमारे २० हजार माणसं मेली. मे महिन्यात सुटका झाली आणि अन्न आलं. दुष्काळ इतका ठरावीक मुदतीचा, आणि विल्हेल्मिना गास्तहाउस या हॉस्पिटलाने बाळंतपणाच्या नोंदी इतक्या नेटक्या ठेवलेल्या, की पन्नास वर्षांनी टेसा रोजबोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बाळं शोधून काढली. पोटात शेवटच्या महिन्यांत उपासमार झालेली बाळं जन्मताना हडकुळी होती. पोटातल्या पहिल्या महिन्यांत उपासमार झालेली मात्र चांगल्या वजनाची, दिसायला धडधाकट. आणि पन्नाशीत हृदयविकार याच धडधाकटांमध्ये जास्त निघाला. रक्तातल्या साखरेची कुरबुर तर दोन्हीकडे.

हे सगळं डचांनीच शोधलं, असं कुणी म्हटलं की माझं पुणेरी मीटर सुरू होतं. पुण्याच्या के.ई.एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांमधल्या आया आणि बाळं बघताहेत. आपली बाळं इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांपेक्षा हलकी, २.७ किलो विरुद्ध ३.५, पण चरबी मात्र फारशी कमी नाही. कमी पडतो तो स्नायू. सडपातळ दिसणाऱ्या मराठी माणसाला चाळिशीत मधुमेह का गाठतो, याचा एक धागा तिथे सापडतो. आईच्या रक्तातल्या बी-१२ जीवनसत्त्वापर्यंत जातो तो धागा. मी इथल्या मिडवाइफला बी-१२ तपासायला सांगितलं ते याच जोरावर. तिने भुवया उंचावल्या, पण तपासलं. कमी निघालं.

आणि घरी येणारी बाई? तीही आपल्याकडे आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना बाळ तपासायला शिकवलं. वजन, श्वास, ऊब, जंतुसंसर्ग. तिथला नवजात मृत्युदर ६० टक्क्यांहून जास्त घटल्याचं १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ पासून देशभर आशाताई बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी येतात. फरक इतकाच की आशाताईंना आम्ही फ्लॅटवाले दार उघडत नाही. सरकारी म्हटलं की ते दुसऱ्यांसाठी. आमच्यासाठी पॅकेज, डिलक्स रूम आणि डिस्चार्जच्या वेळी फोटोफ्रेम.

इथलंही सगळं सोन्याचं नाही. आठ दिवस असे जपतात आणि बाळंतपणाची रजा सगळी मिळून १६ आठवडे, त्यातले चार-सहा आधीच घ्यायचे. आपल्याकडे २०१७ पासून २६ आहेत, कागदावर का होईना, नोकरी नीट असेल तर का होईना. ज्या देशात शीच्या रंगाची नोंद होते, तिथे तीन महिन्यांचं मूल पाळणाघरात जातं आणि कुणाला काही वाटत नाही.

आमचीही पुढच्या महिन्यात जाईल, आठवड्यातून तीन दिवस. दोन दिवस नवरा घरून काम करेल. वर्षाच्या आतल्या तीन बाळांमागे एक ताई हा इथला कायदा आहे, आणि दूध काढायला ऑफिसात बंद दाराची खोली देणं बंधनकारक आहे. हे मी आईला व्हिडिओ कॉलवर दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "तुला पटलंय ना, मग झालं," आणि फोन बाबांकडे दिला.