उशीवरून मान उचलते का?

तासगाव, कवठेमहांकाळकडं कीटकनाशकाला कुणी कीटकनाशक म्हणत नाही. बागेवर मारायचं ते औषध, आणि दवाखान्यातलं तेही औषधच. 'औषध घेतलंय' म्हटलं की कळतं, कुणीतरी जीव द्यायला कीटकनाशक प्यायलंय. डॉक्टरांना हवं असतं ते पुढचं: कुठलं घेतलं आणि किती वाजता? पुष्कळदा माणूस स्वतःच घरी येऊन सांगतो, तेव्हा आधी घड्याळ बघून ठेवा.

108 लावा, आणि बाटली पिशवीत घालून बरोबर न्या, निदान लेबलचा फोटो तरी. ठळक छापलेलं कंपनीचं नाव कामाचं नाही, बारीक अक्षरातलं टेक्निकल नाव लागतं. उपचार त्यावर ठरतात. मिठाचं पाणी, ताक, तुरटी पाजून उलटी काढायला जाऊ नका. अर्धवट शुद्धीतला माणूस ओकला की ते फुप्फुसात जातं, आणि वाचणारा माणूस न्यूमोनियानं अडकतो. भिजलेले कपडे काढा, अंग आणि केस साबणानं धुवा. धुणाऱ्यानं हातात रबरी मोजे घालावेत, नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या. यात गाडी थांबवून ठेवू नका. डाव्या कुशीवर झोपवून न्या.

तोंडाला फेस आला की बघणारे म्हणतात, घाण बाहेर पडतेय. तसं नसतं. ऑर्गॅनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटातलं औषध कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम बंद पाडतं. नसांचा निरोप पोचल्यावर तो पुसायचं काम त्याचं. तेच बंद, म्हणून लाळ, घाम आणि छातीतला कफ थांबत नाही. ॲट्रोपिन हा त्यावरचा उतारा देतात तो छाती कोरडी होऊन नाडी सुधारेपर्यंत, डोस वाढवत वाढवत. त्यातच पेशंट बरळायला लागतो, चादर ओढतो, हवेतलं काहीतरी वेचतो, आईला ओळखत नाही. नातेवाईक घाबरतात, कुणी बाहेरचं बघायला निघतं. बऱ्याचदा तो ॲट्रोपिन जास्त झाल्याचा परिणाम असतो. सिस्टरना सांगा, डोस कमी केला की उतरतो.

पहिला दिवस निभावला की घरचे पेढ्याच्या गोष्टी करायला लागतात. थांबा. साधारण 24 ते 96 तासांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. म्हणून डॉक्टर रोज एक साधी गोष्ट करायला लावतात: उशीवरून डोकं उचल. उचलता आलं नाही तर व्हेंटिलेटरची तयारी. बोलतोय, चहा मागतोय, पण मान उचलत नाही, असा पेशंट 'बरा झालाय' म्हणून घरी नेणं ही फार महागात पडणारी चूक.

एवढ्या वेळात शरीरही जगायला धडपडत असतं. यकृत विष फोडत असतं, मूत्रपिंडं ते बाहेर टाकत असतात. श्वासाचं केंद्र मेंदूच्या अगदी तळाशी आहे, ते माणसाच्या मर्जीनं थांबत नाही. दम रोखून बघा, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की छाती आपोआप उघडते. सगळ्यात चिवट काम रक्ताचं. तांबड्या पेशीतलं बंद पडलेलं एन्झाइम दुरुस्त होत नाही, नव्या पेशींबरोबरच नवं येतं. वेग रोज जेमतेम एक टक्का. पेशीचं आयुष्य 120 दिवसांचं, म्हणजे भरपाईला तीन-चार महिने. तेवढे दिवस त्या माणसाच्या हातात फवारणीचा पंप द्यायचा नाही. द्राक्षाची ऑक्टोबरची छाटणी तोंडावर असली तरी नाही. एरवी पचेल एवढं थोडं औषधही तेव्हा बाधतं.

योगायोग म्हणा, पण घरी आल्यानंतरचे पहिले तीन महिनेच मनाच्या दृष्टीनंही सगळ्यात नाजूक असतात. पहिल्या आठवड्यातच मानसोपचार विभागात दाखवा. साताऱ्यात आणि सांगलीत सरकारी दवाखान्यात ही सोय आहे. फवारणीच्या औषधांची पत्र्याची खोली कुलूपबंद, किल्ली दुसऱ्याच्या घरी. भाऊबंद किंवा शेजारी चालेल. घरातल्या गोळ्या आठवड्यापुरत्याच. जीव द्यावासा वाटायचे झटके बऱ्याचदा थोड्या वेळाचे असतात, कुलूप ती वेळ काढून देतं. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आल्यावर आत्महत्यांचं प्रमाण खूप घटलं. आणि प्रयत्नातून वाचलेल्या दहांपैकी नऊ जण पुढं आत्महत्येनं जात नाहीत.

बोलायचं कसं? 'आमच्या तोंडाला काळं फासलंस' हे नको. 'दादा, ते विचार अजून येतात का?' असं सरळ विचारा. विचारल्यानं डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. रात्री-अपरात्री टेलीमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 चालू असतो, मराठीतही बोलतात.

राहिले पोलीस. दवाखाना एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, नोंदवतो, जबाब होतो. त्या भीतीनं डॉक्टरांना 'चुकून पोटात गेलं' असं सांगू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 115 नं अशा माणसावर तीव्र ताण होता असंच धरायचं आहे, आणि आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेचं कलम 309 तर 1 जुलै 2024 पासूनच्या भारतीय न्याय संहितेत घेतलेलंच नाही. एमएलसीचा नंबर आणि डिस्चार्ज कार्ड एका फाईलला लावून ठेवा. कोलिनेस्टरेज पुन्हा कधी तपासायचं ते त्याच कार्डावर लिहून घ्या. पंप हातात द्यायचा तो ती तपासणी झाल्यावर.