आमची वाटचाल : गाणं आधी, गोधडी मागून

भंडारा जिल्ह्यातल्या धानपट्ट्यात आमचा लहानसा उद्योग आहे. खडी गंमत या इथल्या लोकनाट्याचे शाहीर नवं गाणं रचतात, गावातल्या बाया त्या गाण्याची गोधडी शिवतात आणि दोन्ही मिळून एकच नग विकला जातो. सुरुवात तयार गोधड्यांना गाणं जोडण्यापासून झाली. आता क्रम उलटा आहे, कारण कापडाचं माप गाण्याच्या बांधणीवरून ठरतं.

चार कडव्यांचं गाणं घ्या. ध्रुपद आरंभी एकदा आणि दर कडव्यानंतर एकदा, असं पाच वेळा येतं. गोधडी ३ बाय ४ फूट, उभी. कडव्याला ९ इंचांचा पट्टा, ध्रुपदाला २ इंचांची पट्टी, वर-खाली एकेक इंच काठ: बरोबर ४८ इंच. शाहिरांनी ऐन वेळी एक कडवं वाढवलं की सगळं गणित फिसकटतं, आणि शाहीर ते वाढवतातच. म्हणून गाणं ध्वनिमुद्रित झाल्याशिवाय कापडाला कात्री लागत नाही.

ध्वनिमुद्रणाला सोयीचे महिने माघ-फाल्गुन. रोवणीत, म्हणजे धानाच्या लावणीत, बाया बांधीत (धानाच्या शेतात) असतात. दिवाळीनंतर धानाची कापणी-मळणी आणि गावोगावच्या मंडया (जत्रा) एकाच वेळी येतात, तेव्हा शाहीर रात्र रात्र बाहेर. शिवाय पावसाळी हवेत ढोलकीची पुडी (तोंडावरचं कातडं) सैल पडते, सूर गाण्याच्या मध्येच उतरतो. माघात हवा कोरडी असते आणि पंखाही लागत नाही.

ध्वनिमुद्रणाच्या खोलीच्या भिंतींना गोधड्याच लावतो, पण चिकटवून नाही. दोरीवर, भिंतीपासून चार बोटं लांब. मागे हवा राहिली की झांज-तुणतुण्याचा घुमारा चांगला शोषला जातो. ढोलकीच्या धुमेचा जाड आवाज मात्र गोधडीला आवरत नाही. त्यासाठी ढोलकीवाला कोपरा सोडून बसतो, गायकापासून ६-७ फूट, आणि त्याचा माइक वेगळा. गायकाचा माइक तोंडापासून एक वीत. दिवसा टिनाचा पत्रा तापून तडतडतो आणि फाल्गुनात कोकिळा काही ऐकत नाही, त्यामुळे काम रात्री दहानंतर.

गोधडीचं कापड रंगवायची पळसाची फुलंही याच दिवसांत मिळतात. सावलीत वाळवून ठेवली तर वर्षभर पुरतात. १ किलो सुती कापडाला २०० ग्रॅम हिरड्याची पूड. कापड रात्रभर भिजवून न धुता वाळवायचं. मग कोमट पाण्यात १५० ग्रॅम तुरटी, आणि शेवटी १ किलो सुक्या फुलांचा काढा. चिमूटभर चुन्याची निवळी घातली की पिवळा नारिंगीकडे झुकतो. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर हिरड्याशी जुळून पिवळ्याचा मळका खाकी होतो. आमच्याकडे तलाव-बोड्यांची (लहान तळ्यांची) कमी नाही, पाणी तिथलं. हा रंग उन्हात टिकत नाही. गोधडी खिडकीसमोर टांगू नका, हे आम्ही विकतानाच सांगतो.

ध्रुपदाच्या पट्टीला करवतकाठी साड्या विणणाऱ्यांकडचे कोशाचे (टसर रेशमाचे) उरलेले तुकडे वापरतो. कोशावर रंग सुतापेक्षा गडद बसतो, त्यामुळे ध्रुपद लांबूनही वेगळं दिसतं. त्याची कड मात्र फार उसवते. निदान अर्धा इंच आत दुमडावीच लागते.

आतले थर जुन्या सुती लुगड्याचे. एका नऊवारीतून सहा थर निघतात, भिंतीवरच्या गोधडीला तीन-चार पुरे. त्याहून जाड झाली की सुई अडते आणि टाका वर बारीक, खाली तिरपा पडतो. धागा जाळून बघायचा: राख झाली तर सूत, गोळी झाली तर पॉलिस्टर, आणि त्यावर पळस चढत नाही. कोरा मांजरपाट आधी भिजवून आटवला नाही, तर पहिल्याच धुण्यात जुने थर तसेच राहतात आणि वरचा आक्रसून चुण्या पडतात. कच्चे टाके मधून बाहेर घालत जायचं. कडेने सुरू केलं की झोळ मध्ये अडकतो. धावदोऱ्याच्या ओळी पाव इंचावर, म्हणजे एका गोधडीत १९२ ओळी आणि सव्वादोनशे मीटरच्या आसपास दोरा. मजुरी पट्ट्यावर देतो.

गाण्याची पारंपरिक चाल कुणा एकाची नसते, शब्द शाहिरांचे असतात. करारात हे स्पष्ट लिहितो, आणि प्रत्येक विक्रीत शाहिरांचा वाटा वेगळा धरतो.

गाणं ऐकण्याचा क्यूआर कोड गोधडीवर दोऱ्याने भरून पाहण्याचा मोह सोडावा: टाक्यांनी चौकोन वाकडे होतात, फोन वाचत नाही. सुती फितीवर काळा-पांढरा छापायचा, निदान एक इंचाचा, कोड बनवताना चूक सावरण्याची पातळी (एरर करेक्शन) सर्वांत वरची ठेवून. मग जवळपास ३० टक्के भाग पुसट झाला तरी चालतो. कोडमध्ये दुवा स्वतःच्या संकेतस्थळाचाच द्यायचा. गाणं उद्या दुसऱ्या ठिकाणी हलवलं, तरी विकलेल्या गोधड्या मुक्या होत नाहीत. फीत मागच्या बाजूला, खालच्या उजव्या कोपऱ्यात, चारही कडांनी टाचतो. धुणं रिठ्याच्या पाण्यात, न पिळता.