खर्ज घुमतोय? फाइल बदलण्याआधी स्पीकर सरकवा

२४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या फाइल्स जमवायच्या, महागडा डॅक (डिजिटल फाइलचा ऐकण्याजोगा सिग्नल करणारं यंत्र) घ्यायचा आणि स्पीकर मात्र कोपऱ्यातल्या टेबलावर कसेही ठेवायचे, हे फार ठिकाणी दिसतं. सीडी १९८२ साली बाजारात आली ती १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचं माप घेऊन, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा. त्यात निम्म्या, म्हणजे २२ किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज मावतात आणि माणसाचा कान २० च्या आसपासच थांबतो. १६ बिटमुळे मिळणारी ९६ डेसिबलची रेंज (सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर) घरातल्या शांत खोलीलाही पुरून उरते. म्हणजे फाइल सीडीच्या दर्जाची असली की तिच्या बाजूने काही कमी पडत नाही. खोली मात्र खालच्या स्वरांत सहज १५ डेसिबलची उलथापालथ करते. तेव्हा हात तिथे आधी घालावा.

दोन्ही स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा, ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीवर आणा. मग मागच्या भिंतीकडे वळा. वूफरचा (खालच्या स्वरांच्या मोठ्या स्पीकरचा) आवाज मागेही जातो, भिंतीवर आपटून परततो आणि एका ठरावीक कंपनसंख्येला थेट आवाजालाच खोडतो, म्हणजे तिथे खड्डा पडतो. ती कुठली, ते काढणं सोपं आहे: स्पीकरच्या पुढच्या बाजूचं भिंतीपासूनचं अंतर मीटरमध्ये मोजा, त्याला ४ ने गुणा आणि ३४३ ला (आवाजाचा सेकंदाला मीटरमधला वेग) त्या संख्येने भागा. १ मीटरला ८६ हर्ट्झ येतं, अर्ध्या मीटरला १७२. हे अर्ध्या मीटरचं अंतर सगळ्यात त्रासाचं, कारण पुरुषाच्या गळ्याचा भरदारपणा नेमका त्याच पट्ट्यात असतो. तो पोकळ वाटू लागतो आणि दोष रेकॉर्डिंगला दिला जातो.

म्हणून एक तर स्पीकर मीटरभर पुढे आणा, किंवा सरळ भिंतीलगत न्या. लगत नेल्यावर खर्ज वाढेल, पण वाढलेला खर्ज इक्वलायझरने (ठरावीक स्वर कमीजास्त करणाऱ्या साधनाने) उतरवता येतो. पडलेला खड्डा भरता येत नाही. छोट्या खोलीत मी दुसरा मार्गच सुचवेन. स्पीकरला मागे पोर्ट (हवा येण्याजाण्याचं भोक) असेल तर वीतभर मोकळी जागा ठेवा. आणि वूफरपासून जमीन, बाजूची भिंत आणि मागची भिंत ही तिन्ही अंतरं वेगवेगळी राहू द्या, म्हणजे तिघांचे खड्डे एकाच जागी पडणार नाहीत.

बसण्याची जागाही तितकीच महत्त्वाची. ४ मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झची लहर दोन भिंतींमध्ये अडकून राहते. भिंतीला डोकं टेकून बसलात तर ती छातीवर बसते, बरोबर मध्यावर बसलात तर गायब होते. मागच्या भिंतीपासून सुमारे दीड मीटरवर खुर्ची ठेवून सुरुवात करा आणि १० ते २० सेंटिमीटर पुढेमागे करून ऐका.

बाजूच्या भिंतींसाठी आरशाची युक्ती आहे. तुम्ही खुर्चीत बसा, कुणीतरी भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा. जिथे ट्वीटर दिसेल तिथे १० सेंटिमीटर जाडीचं रॉकवूलचं (दगडी लोकरीचं) आवाज शोषणारं पॅनल लावा. पातळ फोम सगळीकडे चिकटवू नका. तो फक्त वरचे स्वर खातो, त्यामुळे खोली बधिर होते आणि खर्ज तसाच घुमत राहतो.

इतकं झाल्यावर मोजणी. रूम ईक्यू विझार्ड हा खोलीचा आवाज मोजणारा प्रोग्रॅम फुकट मिळतो; सोबत कॅलिब्रेशन फाइल (माइकची स्वतःची चूक वजा करणारी) असलेला यूएसबी मायक्रोफोन हवा. कानाच्या जागी आणि तिच्या आजूबाजूला तीनचार ठिकाणी स्वीप (खालपासून वरपर्यंत सरकणारा चाचणीचा स्वर) घ्या, सरासरी काढा आणि ३०० हर्ट्झच्या खालचाच भाग बघा. सगळ्या मोजण्यांत दिसणारे उंचवटे तेवढे कापा. समजा ४३ हर्ट्झला ८ डेसिबलचा उंचवटा आहे, तर तिथे उणे ७ चा, क्यू (फिल्टर किती अरुंद, ते सांगणारा आकडा) ५ च्या आसपासचा फिल्टर पुरे. खड्डे उचलायचा मोह टाळा: ६ डेसिबल वाढवायला अॅम्प्लिफायरला चौपट ताकद लागते आणि खोडणारी लहरही तितकीच वाढते, त्यामुळे खड्डा तिथेच राहतो.

विंडोजवर हे फिल्टर इक्वलायझर एपीओ या प्रोग्रॅममध्ये घालता येतात. इथे बरेचजण अडखळतात. प्लेअरमध्ये वासापी एक्सक्लुझिव्ह किंवा एएसआयओ (आवाज थेट साउंड कार्डला देणारे मार्ग) निवडलं की आवाज विंडोजच्या मिक्सरला वळसा घालून जातो आणि एपीओचे फिल्टर लागूच होत नाहीत. एपीओ वापरायचा असेल तर शेअर्ड मोड ठेवा आणि साउंड सेटिंगमध्ये डीफॉल्ट फॉरमॅट २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ करा, म्हणजे सीडीच्या फाइल्सचा सॅम्पल रेट बदलला जाणार नाही. विंडोजची स्वतःची एन्हान्समेंट्स (आवाज सजवणारे इफेक्ट) एकेक करून बंद करा; सगळी एकदम बंद करणारा पर्याय निवडला तर एपीओही बंद पडतो. प्लेअरचा व्हॉल्यूम ३ डेसिबल खाली ठेवा. एमपी३ उलगडताना शिखरं मूळ मर्यादेच्या वर जातात आणि तिथे आवाज चिरकतो. २४ बिट आउटपुट असताना एवढ्या कपातीने काही हरवत नाही.

सतत हलका हम्म येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर बहुधा ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा नको असलेला प्रवाह. लॅपटॉप आणि अॅम्प्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा, नाहीतर ऑप्टिकल केबलने जोडा. तिच्यातून वीज जात नाही, त्यामुळे लूप तुटतो. अर्थिंगची पिन काढणं धोक्याचं आहे, ते कधीही करू नका.

केबलबद्दल थोडंच: अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर काही मीटरपर्यंत पुरते. मात्र एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी लागली तर खर्ज निघून जातो आणि मधोमध उभा असावा असा गायक खोलीभर पसरतो. ते आधी तपासा.

राहिली फाइल. सीडी कॉम्प्युटरवर उतरवताना एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्रॅम सिक्युअर मोडमध्ये चालवा, अॅक्युरेटरिपशी (इतरांनी उतरवलेल्या प्रतींच्या नोंदींशी) जुळणी करा आणि फ्लॅकमध्ये (काहीही न गमावता आकार कमी करणाऱ्या फॉरमॅटमध्ये) ठेवा. एमपी३ चं फ्लॅक केलं तर फाइल फक्त फुगते. संशय आला तर स्पेक या फाइलमधल्या स्वरांचं चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा; १६ किलोहर्ट्झला सरळ कापलेली रेघ बहुतेकदा १२८ केबीपीएसच्या मूळ एमपी३ ची असते. ३२० केबीपीएसची एमपी३ आणि फ्लॅक यांतला फरक ऐकू येतो का, हे फूबार२००० या प्लेअरच्या एबीएक्समध्ये (कुठली फाइल वाजतेय ते न सांगता ओळखायला लावणाऱ्या चाचणीत) ताडून बघा. दोन्हींची पातळी आधी समान करा, कारण अर्धा डेसिबल मोठी असलेली फाइलसुद्धा जास्त चांगली वाटते. १६ पैकी निदान १२ वेळा बरोबर ओळखलंत, तरच तो फरक धरा.