तुम्ही विचारलंत म्हणून: चढाच्या मुलखात सायकल कशाला?

“सर, सगळा चढउताराचा मुलूख, तुमचं वय पन्नाशीच्या पुढं, सायकल कशाला? आणि तुमच्या एका सायकलीनं असं किती तेल वाचणार आहे?” हा जोडप्रश्न मला फेरीबोटीत, शाळेच्या शिक्षकखोलीत आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत, समोर मठ्ठा वाढला जात असताना विचारला गेला आहे. उभ्याउभ्या दिलेले उत्तर दर वेळी अपुरे राहते आणि पुष्कळदा उद्धटही वाटते, म्हणून एकदा बसून लिहितो आहे.

मी दाभोळला राहतो आणि खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान आणि गणित शिकवतो. घरापासून धक्का दोन किलोमीटर, मग वाशिष्ठीच्या मुखावरची फेरीबोट, पलीकडे धोपावे, आणि तिथून सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या जांभ्या खडकाच्या पठारावर, चढून शाळेपर्यंत आणखी नऊ किलोमीटर. पूर्वी हे अंतर मी मोटारसायकलने जात असे, आणि त्यात काही वावगे आहे असे मला कधी वाटले नव्हते.

सायकल आयुष्यात आली ती २०२० च्या जूनमध्ये. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि त्याच्या तडाख्यात आमच्या दापोली-मंडणगडकडचे माड, पोफळी, आंबे, फणस आडवे झाले. वीज गेली ती कित्येक दिवस आली नाही. वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दोन दिवसांपुरत्या उरल्या होत्या, माझ्या गाडीच्या टाकीतले पेट्रोल तळाला गेले होते, आणि ते भरलेले असते तरी उपयोग नव्हता, कारण दापोलीच्या रस्त्यावर दर थोड्या अंतराने झाड पडलेले होते. शेजाऱ्यांच्या पडवीत, भाताच्या कणगीमागे एक जुनी काळी बावीस इंची सायकल उभी होती. तिच्या चाकांत हवा भरून मी सकाळी सहाला निघालो. चढ आला की ढकलायची, झाड आले की खांद्यावर घ्यायची. एका ठिकाणी फणसाच्या तुटलेल्या फांदीचा चीक हाताला असा चिकटला की दिवसभर मुठी हँडलवरून सुटेनात. दापोलीला पोहोचायला साडेचार तास लागले. औषधाच्या दुकानात मेणबत्तीच्या उजेडात गोळ्या शोधून दिल्या गेल्या. परतताना जे पाहिले ते डोळ्यांसमोरून जात नाही: दोन पडलेल्या झाडांच्या मधल्या पट्ट्यात अडकलेल्या मोटारसायकली आणि एक नवी कोरी मोटार, आणि त्यांच्या मालकांची रस्त्याच्या कडेला बसून कोयता आणायला गेलेल्या माणसाची वाट पाहणे.

तरीही मी लगेच सायकलवाला झालो नाही. वर्षभराने, २०२१ च्या उन्हाळ्यात पेट्रोल लिटरला शंभरीपार गेले तेव्हा गिअरची सायकल घेतली, आणि खरे सांगायचे तर त्या वेळी हेतू पैसे वाचवण्याचाच होता.

आता चढाविषयी. जुन्या काळ्या सायकलीत पायडलचा एक फेरा मारला की सायकल पाच मीटरच्या आसपास पुढे जाते. सपाटीवर ते उत्तम, पण चढावर तेच माणसाला खाली उतरवते. माझ्या सायकलीत पुढची सर्वांत लहान चकती २८ दातांची आणि मागची सर्वांत मोठी ३४ दातांची आहे, त्यामुळे सर्वांत हलक्या गिअरमध्ये एका फेऱ्याला सायकल पावणेदोन मीटरच सरकते. वेग चालण्याहून थोडासाच जास्त राहतो, पण गुडघ्यावर भार येत नाही. धोपाव्याहून सड्यावर येईपर्यंत मी साधारण शंभर मीटर उंची चढतो. नववीच्या वर्गात मी हे गणित फळ्यावर घालतो: मी, सायकल आणि दप्तर मिळून ८२ किलो, शंभर मीटर वर न्यायला लागणारी ऊर्जा सुमारे ८० किलोज्यूल. एवढी ऊर्जा अडीच मिलिलिटर पेट्रोलमध्ये असते, म्हणजे चहाचा अर्धा चमचा. इंजिनाला आणि माणसाच्या शरीराला मिळालेल्या ऊर्जेतला जेमतेम चौथा हिस्सा कामी लावता येतो, म्हणून मला प्रत्यक्षात त्याच्या चौपट अन्न लागते. ते पाऊण भाकरीएवढे भरते. तोच मी हजार किलोच्या मोटारीत बसून तो चढ चढलो, तर एक कपभर पेट्रोल जळते, आणि त्यातले जवळजवळ सगळे मोटारीने स्वतःलाच वर नेण्यासाठी वापरलेले असते. मुले या ठिकाणी हसतात. चढ अवघड आहे ही तक्रार शरीराची आहे आणि ती खरी आहे. पण माणसाला वर न्यायला तेलाची गरज किती थोडी आहे, हे अर्धा चमचा आणि कप शेजारी ठेवल्याशिवाय ध्यानात येत नाही.

ज्यांचे गुडघे किंवा छाती साथ देत नाही, त्यांच्यासाठी विजेची सायकल आहे. अडीचशे वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी पंचवीस किलोमीटरची मर्यादा पाळणाऱ्या सायकलीला आपल्याकडे नोंदणी आणि परवाना लागत नाही, आणि तिची नेहमीची बॅटरी पूर्ण भरायला अर्ध्या युनिटच्या आसपास वीज पुरते. आमच्या चित्रकलेच्या बाईंनी ती घेतली आहे आणि चढावर त्या मला रोज मागे टाकतात.

दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे तेलाचे उत्तर मात्र मला थोडे खाली मान घालून द्यावे लागते. वर्षात सुमारे दीडशे दिवस मी सायकलने जातो. बाकी सुट्ट्या आणि पावसाळा. रोजचे बावीस किलोमीटर धरले तर ३,३०० किलोमीटर होतात, आणि माझी मोटारसायकल लिटरला पंचेचाळीस देत असे, म्हणजे वाचले ७३ लिटर पेट्रोल. खनिज तेलाचे एक पिंप १५९ लिटरचे. भारताला रोज पन्नास लाखांहून अधिक पिंपे तेल लागते आणि त्यातला पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक भाग परदेशांतून येतो. त्यात माझे वर्षाचे अर्धे पिंप. पंगतीत मला विचारणाऱ्या गृहस्थांनी हा आकडा ऐकून मठ्ठ्याचा पेला खाली ठेवला आणि ते मोठ्याने हसले. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही.

शिवाय मी तेलातून सुटलेलो नाहीच. पहिल्या महिन्यात मी साखळीला घरातले खोबरेल घातले होते. त्याचा आठ दिवसांत चिकट, तपकिरी राप झाला आणि जांभ्याची लाल धूळ त्यात अशी बसली की साखळी करकरायला लागली. तेव्हापासून यंत्राचे तेल घालतो, आणि ते खनिज तेलच आहे. टायरच्या रबरात, रस्त्याच्या डांबरात, फेरीबोटीच्या डिझेलमध्येही तेच. बोटीतून पलीकडे अंजनवेलच्या बाजूला जो वीजप्रकल्प दिसतो, ज्याला आमच्याकडे अजून सगळे एन्रॉनच म्हणतात, त्याचा पहिला टप्पा १९९९ मध्ये नाफ्थ्यावर सुरू झाला होता. नाफ्था म्हणजे तेलशुद्धीकरणातून निघणारा, पेट्रोलचा सख्खा चुलतभाऊ. वीजदराच्या वादात तो २००१ मध्ये बंद पडला आणि पुढे वायूवर चालू झाला. रोज सकाळी त्या धुरांड्यांकडे पाहत सायकलीला रेलून उभे राहणाऱ्या माणसाने तेलमुक्तीच्या गोष्टी जपूनच बोलाव्यात.

मग सायकल चालवतोच कशाला? याचे उत्तर मला सायकलीने दिले नाही, एसटीने दिले.

शनिवारी शाळा लवकर सुटते आणि मला पुष्कळदा चिपळूणला जावे लागते. फाट्यापासून चिपळूण चाळीसेक किलोमीटर; तेवढे अंतर मी सायकलने जाऊन येऊ शकत नाही आणि जाणारही नाही. फाट्यावरच्या किराणा दुकानाच्या पडवीत सायकल लावतो आणि एसटी धरतो. अशाच एका शनिवारी, खिडकीशी बसून, मी गाडीतली माणसे मोजली आणि एका कोऱ्या कागदावर हिशोब मांडला. साधी एसटी लिटरला साडेचार-पाच किलोमीटर जाते, म्हणजे चिपळूणपर्यंत नऊ लिटरच्या आसपास डिझेल. त्या दिवशी चाळीस माणसे होती. ती दोघेदोघे मिळून मोटारसायकलींवरून गेली असती, तर वीस गाड्यांना मिळून अठरा लिटर पेट्रोल लागले असते; मोटारींतून दोघेदोघे गेली असती, तर पन्नास लिटरच्या वर. मात्र पुढच्या शनिवारी गाडीत आम्ही बाराजण होतो. बारा माणसांच्या सहा मोटारसायकलींना पाच-साडेपाच लिटर पुरले असते आणि आमची एसटी तेच नऊ लिटर जाळत होती.

हे मला अगोदर कधी सुचले नव्हते. एसटीने गेले म्हणजे तेल वाचले, असे आपण धरून चालतो. पण रिकामी एसटी तेल वाचवत नाही, भरलेली वाचवते. आणि ती का भरत नाही? आमच्याकडची गावे रस्त्याला लागून नसतात. वाडी खाली खाडीच्या काठाला, नाहीतर पऱ्या, म्हणजे ओढा, ओलांडून डोंगराच्या कुशीत, आणि गाडी वर सड्यावरच्या फाट्याला. मधले दोन-चार किलोमीटर कुणाचेच नसतात. पूर्वी माणसे पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, चढून फाट्याला येत. आता त्या दोन-चार किलोमीटरांसाठी घरात मोटारसायकल येते, आणि एकदा तिच्यावर टांग टाकली की फाट्याला उतरून एसटीची वाट कोण पाहणार? माणूस तसाच चिपळूणपर्यंत जातो. गाडीतली माणसे कमी होतात, मग फेऱ्या कमी होतात, मग आणखी दोन घरांत मोटारसायकल येते. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला एसटीचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला, त्या काळात आमच्या वाडीत कर्ज काढून घेतलेल्या दुचाकी संप मिटल्यावर परत गेल्या नाहीत. उलट दिशेनेही हे घडते: मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले, तेव्हा चिपळूणच्या बाजाराला वर्षातून चारदा जाणाऱ्या मावशी महिन्यातून दोनदा दिसू लागल्या.

तर माझ्या मते सायकलीचे काम हे मधले दोन-चार किलोमीटर आहे. चाळीस किलोमीटर सायकल हाणणारे हौशी लोक मला आवडतात, पण त्यांच्यामुळे कोकणात फार काही बदलेल असे वाटत नाही. रेल्वेचेही असेच आहे. रोह्यापासून ठोकूरपर्यंतचा ७४१ किलोमीटरचा कोकण रेल्वेचा मार्ग १९९८ मध्ये सुरू झाला आणि २०२२ मध्ये त्याचे विद्युतीकरण पूर्ण झाले, म्हणजे जिथे डिझेलची इंजिने धुरकटत जात तिथे विजेची गाडी धावते. पण स्थानकांची नावे वाचा: संगमेश्वर रोड, राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड. त्या ‘रोड’चा अर्थ एवढाच की गाव इथे नाही, इथून त्याचा रस्ता सुटतो. मुंबईहून माणूस शेकडो किलोमीटर विजेवर येतो आणि शेवटच्या टप्प्यासाठी भावाला मोटार घेऊन बोलावतो.

खाडी हा आणखी एक मामला आहे. आम्हाला समोरचे धोपावे दिसते, पण होडी किंवा फेरीबोट नसेल तर दाभोळहून गुहागरला जायला खेड-चिपळूण करत शंभर किलोमीटरहून अधिक वळसा पडतो. वाहने नेणारी फेरीबोट २००३ मध्ये आली. तेवढ्या एका गोष्टीने जे तेल वाचले असेल, त्यापुढे माझे अर्धे पिंप म्हणजे काहीच नाही. सायकल मात्र साध्या होडीतही आडवी ठेवता येते.

पावसाळ्याचे विचाराल तर तिथे मी हरलो आहे. पहिल्या वर्षी हट्टाने जुलैतही चालवली. उतारावर ओल्या रिमवर ब्रेकचे रबर नुसते घसरत गेले आणि वळणावरच्या लाल चिखलावरून मी सरळ गटारात गेलो. चूक माझीच, वेग आवरला नव्हता. आता जूनच्या मध्यापासून गणपती होईपर्यंत सायकल छताला टांगलेली असते आणि मी धोपाव्याहून सकाळच्या गाडीने जातो. वडिलांना रात्री छातीत दुखू लागले तेव्हा शेजाऱ्याची मोटारच कामाला आली होती, आणि तिच्यात तेल होते म्हणून बरे झाले.

फाट्यावरच्या त्या पडवीत सुरुवातीला माझी एकट्याची सायकल असे. गेल्या शनिवारी तिथे सहा होत्या. त्यांतल्या दोन आमच्याच शाळेच्या अकरावीला गेलेल्या मुलींच्या, ज्या इथून मोफत पासवर कॉलेजला जातात. दुकानदाराने तांदळाची पोती आत ओढून जागा केली होती आणि तो वैतागलेला होता. “सर,” तो म्हणाला, “बाजूला पत्र्याची शेड मारून घेतो म्हणतो. पण पत्रे कुणी द्यायचे, ते तुम्ही ग्रामसभेत विचारा.” ग्रामसभा पुढच्या महिन्यात आहे.