कार्यालयातल्या फलकाबाहेरची माणसे

मुख्याध्यापकांची नावे आणि कार्यकाल लिहिलेला फलक प्रत्येक शाळेच्या कार्यालयात असतो, आणि महोत्सवाच्या स्मरणिकेत बहुतेक वेळा तोच उतरवला जातो. आपल्यासारखी जिल्हा परिषदेची शाळा मात्र गावाने धरून ठेवलेली असते. कोणी, कोणत्या वर्षी, नेमके काय केले याची नोंद करणे हे अमृतमहोत्सवी वर्षात माजी विद्यार्थ्यांचेच काम आहे.

फलक अपुरा असतो त्याला कारण आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीचा पट १५०च्या वर असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. लहान शाळेचा कारभार ज्येष्ठ शिक्षक किंवा बाई ‘प्रभारी’ म्हणून पाहतात आणि बदली झाली की त्यांचे नाव रंगवायचे राहून जाते. अशी नावे चार्ज यादीत सापडतात. तिच्यावर पदभार देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही असते, तारीख असते. दोन याद्यांच्या मधला काळ जुळत नसेल तर त्या महिन्यांचे शिक्षक हजेरीपत्रक आणि शेरेबुक (तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांचे शेरे असलेली वही) उघडावे.

सगळ्यात आधी एक तक्ता आखा. जून ते मे असे प्रत्येक शैक्षणिक वर्ष एका ओळीत. रकाने चारच: शाळाप्रमुख, शाळेच्या समितीचे अध्यक्ष, पट, त्या वर्षी झालेले काम. रिकामे चौकोन दिसले की कोणाला काय विचारायचे ते आपोआप ठरते. तक्ता न करता थेट मुलाखतींना निघाले की सगळे जण त्याच दोन-तीन लाडक्या गुरुजींबद्दल बोलतात आणि मधली पंधरा-वीस वर्षे कोरीच राहतात.

खरा ऐवज समितीच्या ठरावबुकात आहे. पूर्वीची ग्रामशिक्षण समिती असो किंवा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यावरची शाळा व्यवस्थापन समिती, प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक लिहिलेले असतात. पत्रे बदलणे, कुंपण, पाण्याची टाकी, वर्गखोलीसाठी लोकवर्गणी: या ठरावांचा सूचक कोण, हे ओळीने पाहत गेले की गावातला शाळेचा खरा कर्ता माणूस कोण ते कळते. तो अध्यक्षच असेल असे नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असा नियम आहे. एखाद्या बाईची सही किंवा अंगठा प्रत्येक सभेला आहे, पण सूचक म्हणून नाव कधीच नाही, असे दिसले तर तिला आवर्जून भेटा. सभेत लिहिले न गेलेले बरेच तिच्याकडून कळते. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, अंगणवाडी सेविका, जमीन देणाऱ्या घरातली माणसे यांची नावे ठरावात क्वचितच येतात. ती विचारूनच मिळतात.

“शाळेसाठी तुम्ही काय केलंत?” असे विचारले की “आम्ही कसलं काय, सगळ्यांनीच केलं” हेच उत्तर येते. त्याऐवजी विचारा: पाणी कुठून आणायचे? किल्ली कोणाकडे असायची? पावसात वर्ग कुठे भरायचा? गुरुजी राहायचे कोणाकडे? साल आठवत नसेल तर बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर, असे विचारावे. कागदावरचा शिक्काही मदत करतो: जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला आल्या, त्यामुळे जिल्हा परिषदेचा शिक्का असलेला कागद त्याआधीचा नसतो.

मुलाखत रेकॉर्ड करताना मोबाईल वीतभर अंतरावर, विमान मोडवर ठेवा आणि पंखा बंद करा; पंख्याची घरघर नंतर पुरती काढता येत नाही. छापण्याची संमती लेखी घ्या आणि मजकूर त्या व्यक्तीला वाचून दाखवल्याशिवाय छापू नका.

जुनी रजिस्टरे शाळेबाहेर नेऊ नयेत. मुख्याध्यापकांच्या परवानगीने, दिवसाउजेडी, फ्लॅश न वापरता पानांचे फोटो घ्यावेत. फाटक्या पानाला चिकटपट्टी लावू नये, डिंक कालांतराने पिवळा पडून अक्षरच खातो. जनरल रजिस्टरात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या दाखल नोंदवहीत, जात आणि जन्मतारीख असते, ते रकाने छापायचे नाहीत. समूहछायाचित्रावर ट्रेसिंग कागद ठेवून चेहऱ्यांना क्रमांक द्या आणि तीन माणसांना वेगवेगळे विचारा. एकत्र बसवले की पहिला बोलतो तेच बाकीचे म्हणतात.

सगळ्याच्या तीन प्रती हव्यात: शाळेत एक, माजी विद्यार्थ्यांकडे एक, तिसरी गावाबाहेर. दर दोन वर्षांनी समिती नव्याने बसते, तेव्हा पहिल्याच सभेत मावळत्या सदस्यांची माहिती तक्त्यात भरून घ्यावी. ते काम माजी विद्यार्थ्यांपैकी एकाच्या नावावर ठरावात लिहून ठेवावे, म्हणजे मुख्याध्यापकांची बदली झाली तरी ते थांबत नाही.